घाट, गाडा आणि घड्याळ : भोसरी–चाकण पट्ट्यातील बैलगाडा शर्यतीचा इतिहास

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती अनेक भागांत होतात. मात्र पुणे जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, म्हणजे हवेली, मावळ, खेड, शिरूर, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांत, गावच्या यात्रेला धरून जी बैलगाडा शर्यत भरते तिची घडण इतरांहून वेगळी आहे. विदर्भातील शंकरपट, ज्यासाठी अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे गाव प्रसिद्ध आहे, सपाट पट्टीवर दोन बैलांच्या हलक्या गाडीने खेळला जातो. सातारा–सांगलीकडच्या माळांवर अनेक छकडे एकाच वेळी सुटतात आणि जो पुढे राहील तो जिंकतो. अलिबागच्या बाजूला ओहोटीनंतर घट्ट झालेल्या पुळणीवर गाड्या पळतात. भोसरी, चिखली, चाकण आणि खेडच्या परिसरात मात्र गाडा सपाटीवर पळत नाही, तो चढ चढतो. दुसरा गाडा त्याच्या शेजारी नसतो, समोर असतो तो फक्त उभ्या चढाचा रस्ता आणि वर माथ्यावर चालू असलेले घड्याळ. टेकडीच्या किंवा माळाच्या अंगावर मुद्दाम राखलेल्या या चढाच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात आणि एका गाड्याच्या एका धावेला ‘बारी’ म्हणतात.

बारी ही एकट्याची कामगिरी नसते, ती संघाची असते, आणि हा संघ माणसांपुरता मर्यादित नाही. गाड्याला चार बैल जुंपलेले असतात. त्यांतील पुढच्या जोडीला ‘जुकाट’ म्हणतात. गाड्यालगतची मागची जोडी धुरेला असते. या चौघांच्या पुढे स्वारासह एक घोडी धावते, जिच्या मागे लागून बैल आपला वेग आणि दिशा दोन्ही धरतात. गाड्यावर मात्र कोणी बसत नाही. त्यामुळे एकदा गाडा सुटला की त्याला आवरणारा किंवा वळवणारा हात उरत नाही, आणि जे काही घडवायचे ते सुटण्याच्या आधीच घडवावे लागते. घाटाच्या पायथ्याशी माजलेले, उसळते बैल जुवाखाली आणून सरळ रेषेत धरून ठेवणारी माणसे, त्यांना योग्य क्षणी एकदम सोडण्याचे कसब, घोडीने किती अंतर राखावे याचा स्वाराने बांधलेला अंदाज आणि वर माथ्यावर पोहोचलेल्या बैलांना पकडणारी तरुण पोरे, यांपैकी एक दुवा चुकला तरी बारी वाया जाते. निशाण पडते, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते आणि अकरा ते तेरा सेकंदांच्या आसपास सगळा निकाल लागतो. वर्षभराची खुराकी, सराव आणि खर्च इतक्या अल्प अवधीत पणाला लागतो, हेच या खेळाचे पहिले आणि सर्वांत मोठे वैशिष्ट्य मानावे लागते.

आज ज्यांना ‘रिॲलिटी शो’ म्हणतात, म्हणजे अभिनेत्यांऐवजी स्पर्धकांच्या प्रत्यक्ष चुरशीवर उभे राहणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, त्यांतील सांघिक अडथळ्यांच्या शर्यतीशी या बारीची तुलना करणे वरवर पाहता विजोड वाटेल. परंतु रचनेच्या पातळीवर दोन्हींतले साम्य नजरेआड करण्याजोगे नाही. अडथळ्यांची शर्यत हा प्रकार मुळात लष्करी शिक्षणातून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर यांनी धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, ओझे वाहणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली आणि पुढे सैनिकांच्या प्रशिक्षणात भिंती, दोर, खंदक यांचे मार्ग रूढ झाले. तेथून हा प्रकार शाळांच्या क्रीडास्पर्धांत आणि अखेरीस पडद्यावर आला. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘ताकेशीज कॅसल’ने त्याचा लोकप्रिय खेळ केला, स्वीडनमध्ये १९९७ साली आलेल्या ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ने त्याला गटांची आणि बाद होण्याची चौकट दिली, भारतात २००३ पासून ‘रोडीज’ने त्याला तरुण प्रेक्षक मिळवून दिला, आणि २०१८ साली ‘बिग बॉस मराठी’चे पहिले पर्व पिंपरी-चिंचवडपासून फार दूर नसलेल्या लोणावळ्यात उभारलेल्या घरात झाले तेव्हा ‘टास्क’ हा शब्द मावळातल्या घराघरांत पोहोचला. ठरावीक मार्ग, त्यावरील अडसर, संघाची एकजूट, घड्याळाने दिलेला निकाल, बाद फेरी, अंतिम फेरी आणि प्रायोजकाने दिलेले बक्षीस हे या कार्यक्रमांचे घटक आहेत. त्यांतला एकही घटक घाटावर उभ्या असलेल्या यात्रेकरूला नवा वाटण्याचे कारण नव्हते. फरक असा की पडद्यावरचा अडथळा कार्यक्रमासाठी बांधला जातो, तर घाटाचा अडथळा, म्हणजे चढ, या मुलखातल्या कष्टांतूनच आलेला आहे.

हे कष्ट समजून घेण्यासाठी रेल्वेपूर्व काळाकडे जावे लागते. देशावरचा माल कोकणातल्या बंदरांपर्यंत पोहोचवायचा तर सह्याद्री उतरणे आणि परतीच्या वाटेवर तो चढणे अटळ होते, आणि पूर्वी हे काम मुख्यतः पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे करीत असत. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला आणि पुणे–पनवेल मार्गावर बैलगाड्यांची वाहतूक वाढली. पुढे १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे आली तरी शेतातून खळ्यावर, खळ्यावरून बाजारात आणि बाजारातून स्थानकावर माल नेणारे साधन बैलगाडीच राहिले. पुणे–नाशिक रस्त्यावरील चाकण हे अशा वाहतुकीचे महत्त्वाचे ठाणे होते, आणि कांदा, बटाटा व जनावरे यांच्या बाजारासाठी ते आजही ओळखले जाते. ज्या प्रदेशात जमीन टेकड्यांनी खंडित झालेली आहे आणि भामा, भीमा, इंद्रायणी यांच्या खोऱ्यांत उतरल्यावर पुन्हा चढण लागतेच, तेथे बैलाची पारख सपाटीवरच्या वेगाने नव्हे तर चढावरच्या ताकदीने व्हावी हे स्वाभाविक होते. ही शर्यत चारशे वर्षांची असल्याचे सभांमधून नेहमी सांगितले जाते. हा आकडा अभिमानाचा भाग म्हणून समजून घेता येतो, तथापि इतिहासाच्या दृष्टीने आकड्यापेक्षा ही कारणपरंपरा अधिक भक्कम आहे, कारण चढाची शर्यत याच भागात का रुजली याचे उत्तर तिच्यातून मिळते.

दुसरे उत्तर दैवतात आहे. या पट्ट्यातील घाट बहुधा खंडोबा, भैरवनाथ किंवा ग्रामदैवताच्या मंदिराच्या आसपास असतात, आणि चैत्र–वैशाखात, रब्बीची कामे संपून बैल मोकळे झाले की, गावोगावच्या यात्रा सुरू होतात. खेड तालुक्यातील निमगाव-दावडी येथील खंडोबाच्या डोंगरालगतचा घाट आणि आंबेगाव तालुक्यातील थापलिंगचा घाट ही या परंपरेची मानाची ठिकाणे होत. तेथे ‘नवसाचा गाडा’ पळवण्याची चाल आहे: पीक चांगले आले, आजारी जनावर बरे झाले किंवा घरात मूल जन्मले तर देवाच्या घाटात गाडा पळवीन असा नवस बोलला जातो, आणि तो फेडताना गाडा कितव्या क्रमांकाने आला यापेक्षा तो भंडारा उधळीत घाट चढून गेला याला महत्त्व असते. स्पर्धा आणि उपासना यांची ही सरमिसळ लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या काळातील न्यायालयीन वादात गावांनी दाखवलेली तीव्रता उमगत नाही. शर्यतीचा खर्च यात्रा समिती वर्गणीतून करीत असे, गाड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत असे आणि विजेत्याला फेटा, नारळ, ढाल अशी मानाची बक्षिसे मिळत. दिवसभरात सर्वांत कमी वेळात घाट चढणाऱ्या गाड्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळे, जो आजही रोख रकमेपेक्षा अधिक आवडीने उच्चारला जातो.

या जगाच्या अगदी मधोमध कारखानदारी आली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांच्या शिवारांत कारखान्यांचे भूखंड पडले, आणि बजाज व टेल्को यांसारख्या वाहन उद्योगांनी त्याच दशकात येथे पाय रोवले. १९७० मध्ये या गावांची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली यांसारखी शेतीची गावेही महापालिकेच्या हद्दीत आली. त्याच सुमारास वाहन उद्योगाचा दुसरा टप्पा चाकणला उभा राहत होता. शतक बदलताना बजाजचा आणि त्यानंतरच्या दशकात फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांचे कारखाने तेथे सुरू झाले. निमगाव, दावडी, कनेरसर आणि रेटवडी या गावांच्या जमिनी तर विशेष आर्थिक क्षेत्रासाठी संपादित झाल्या, म्हणजे खंडोबाच्या घाटाचे शिवारच उद्योगाच्या नकाशावर आले.

अशा परिस्थितीत बैलगाडा शर्यत हळूहळू विरून जाईल असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही, आणि का झाले नाही हाच या इतिहासातील सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. जमिनीच्या मोबदल्यातून, भाड्याच्या खोल्यांतून, वाहतुकीच्या आणि कंत्राटांच्या व्यवसायातून भूमिपुत्रांच्या एका वर्गाच्या हाती रोख पैसा आला, परंतु जमीन गेल्याबरोबर ‘शेतकरी’ ही ओळख सिद्ध करण्याची जुनी साधने नाहीशी झाली होती. नांगर राहिला नव्हता, खळे राहिले नव्हते. दावणीचा बैल मात्र ठेवता येत होता. ज्या घरात एकरभर वावरही उरले नव्हते तेथे शर्यतीची जोडी पाळली जाऊ लागली, आणि बारीत पुकारले जाणारे गाडामालकाचे नाव हे त्या घराण्याच्या गावातील स्थानाचे जाहीर प्रमाणपत्र झाले. उद्योगाने या प्रथेला मारले नाही, उलट तिला पैसा आणि भावनिक निकड अशा दोन्ही गोष्टी पुरवल्या, असेच म्हणावे लागते. जे कुटुंब जमिनीला मुकले आणि ज्याच्या हाती मोबदलाही पुरेसा आला नाही, ते कुटुंब मात्र घाटाच्या कडेला प्रेक्षक म्हणूनच राहिले. वैभवाच्या वर्णनांत ही बाजू सहसा येत नाही, म्हणून ती येथे नोंदवणे आवश्यक आहे.

बैलाच्या वाट्यालाही मोठा बदल आला. ट्रॅक्टर आल्यावर नांगरट आणि वाहतूक या दोन्ही कामांतून बैल सुटला, आणि आठवडाभर औताला व एक दिवस घाटाला असा जो पूर्वीचा गावरान शर्यतपटू होता त्याची जागा केवळ पळण्यासाठी पोसलेल्या बैलाने घेतली. लांब, मागे वळलेली शिंगे, ताठ बांधा आणि चपळ चाल यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खिल्लार जातीच्या खोंडांना मागणी वाढली. दूध, अंडी, उडदाची डाळ यांचा खुराक, पोहण्याचा आणि चढावर पळण्याचा सराव, अंगाची मालिश असा दिनक्रम ठरला, आणि नावाजलेल्या बैलांच्या किमती काही लाखांच्या घरात गेल्या. मोजमापही बदलले. माथ्यावर हातातले घड्याळ घेऊन बसणाऱ्या पंचांच्या जागी विद्युत संवेदक आले आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचा फरक फलकावर दिसू लागला, ज्यामुळे पूर्वी पंचांच्या शब्दावर होणारे वाद कमी झाले, परंतु बैलाचा पल्ला, त्याची चाल, सुटण्याची ऐट यांवर चालणारी रसिकांची चर्चाही आकड्यांकडे सरकली.

शर्यतीत पैसा आणि चुरस वाढली तशी क्रूरताही वाढली, आणि ती लपवून या प्रथेची बाजू मांडता येत नाही. शेपटी पिळणे, टोचणे, काठीने झोडपणे आणि उत्तेजक देणे अशा प्रकारांच्या तक्रारी प्राणिमित्र संस्था करीत होत्या. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली, ज्या प्राण्यांना खेळ-प्रदर्शनासाठी वापरता येत नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला; त्या आधारे राज्यात शर्यतींवर बंदी आली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदीचा निकाल दिला. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नसून ओढकामासाठी आहे, आणि परंपरेच्या नावाखाली त्याला वेदना देण्याचा अधिकार माणसाला नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचनेद्वारे दिलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच स्थगित केली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने मूळ अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती करून शर्यतींना अटींसह वाट मोकळी केली, परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तिच्या अंमलाला अटकाव केला.

बंदीची ही वर्षे घाटांसाठी कठीण होती. बैलांच्या किमती घसरल्या, कित्येकांनी दावणी रिकाम्या केल्या, यात्रांतली गर्दी ओसरली आणि घोडी पळवणारे स्वार, जू व गाडे तयार करणारे सुतार, निवेदक, यात्रेतले दुकानदार अशा अनेकांचा हंगाम बुडाला. दुसरीकडे हा प्रश्न चाकण–खेड–भोसरी पट्ट्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू झाला. मोर्चे निघाले, पुणे–नाशिक महामार्ग अडवला गेला, आणि शर्यत सुरू करून देण्याचे आश्वासन हा निवडणुकीतील ठळक मुद्दा बनला. या काळात राज्य सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयी पशुवैद्यकांचा अहवाल तयार करून घेतला व न्यायालयात मांडला, ही नोंद महत्त्वाची आहे, कारण श्रद्धेचा वाद शरीरशास्त्राच्या भाषेत नेण्याचा तो प्रयत्न होता. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवण्याचे काम विधिमंडळाचे आहे, अशी भूमिका त्या निकालात घेतली गेली. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, बैलांची वैद्यकीय तपासणी, काठी–चाबकाच्या व उत्तेजकांच्या वापरावर बंदी या गोष्टी बंधनकारक झाल्या, आणि भंग केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी शिक्षेची तरतूद आली. जाहिरातींच्या फलकांवर आज आवर्जून लिहिले जाणारे ‘विनालाठी-काठी’ हे शब्द त्या दहा वर्षांच्या न्यायालयीन लढ्याने घाटाला दिलेली देणगी आहेत.

पुनरागमनाचे वर्ष २०२२ हे अनेक अर्थांनी बोलके ठरले. फेब्रुवारीत निमगाव-दावडीच्या घाटात शिरूरचे खासदार अमोल कोल्हे बारीपुढे घोडीवर स्वार झाले. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या भूमिकांमुळे दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना परिचित झालेला अभिनेता प्रत्यक्ष घाटात घोडीवर दिसला तेव्हा पडदा आणि यात्रा यांच्यातील अंतर किती कमी झाले आहे ते उघड झाले. मे महिन्याच्या अखेरीस चिखलीच्या जाधववाडीत, महापालिकेच्या हद्दीत, भोसरीचे आमदार महेश लांडगे यांच्या पुढाकाराने भरलेल्या शर्यतीत जेसीबी यंत्र, बोलेरो गाडी, ट्रॅक्टर आणि दुचाकी अशी बक्षिसे लावण्यात आली. फेटा आणि ढालीपासून जेसीबीपर्यंतचा हा प्रवास केवळ रकमेचा नाही. ज्या यंत्राने बैलाला शेतातून बाहेर काढले आणि ज्याने माळ सपाट करून कारखान्यांचे भूखंड पाडले, तेच यंत्र आता बैलाच्या पळण्याचे सर्वोच्च बक्षीस झाले होते, आणि गाडामालकांना त्यात विसंगती वाटत नव्हती, कारण मातीकाम, मुरूम आणि बांधकाम हेच त्यांच्यापैकी अनेकांचे नवे शेत होते.

तेव्हापासून शर्यतीचे रूप वेगाने दृश्यमाध्यमाला अनुकूल होत गेले आहे. बाऱ्यांचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर होते, निवेदक प्रत्येक बैलाचे नाव, मूळ गाव आणि मागच्या घाटातला सेकंद सांगतो, टोकन घेऊन क्रम ठरतो, उपांत्य आणि अंतिम फेऱ्या वेगळ्या रंगवल्या जातात आणि नामवंत बैलांचे स्वतंत्र चाहते निर्माण झाले आहेत. हा विस्तार स्वागतार्ह आहे, कारण शहरात राहायला गेलेला तरुण त्यामुळे गावच्या यात्रेशी जोडलेला राहतो. तरीही प्रक्षेपणाच्या सोयीने घाट निवडला जाऊ लागला, म्हणजे मंदिराजवळचा जुना चढ सोडून वाहनतळासाठी मोकळी जागा असलेल्या भाड्याच्या मैदानावर तात्पुरता भराव टाकून घाट उभा केला जाऊ लागला, तर मोठ्या बक्षिसांच्या शर्यतींत नवसाच्या गाड्याला जागा उरत नाही. निमगावसारख्या ठिकाणी ती अजून आहे. तेथे यात्रेत नवसाचे गाडेही येतात, आणि गेल्या हंगामात व्यायलेल्या गाईच्या खोंडाला पहिल्यांदा घाट दाखवायला आणलेला लहान शेतकरी त्याच चढावर उभा राहतो ज्यावर लाखोंचा बैल पळणार असतो. जुन्या घाटांची जमीन कोणाच्या नावावर आहे, गायरान, देवस्थान की संपादित क्षेत्र, हा प्रश्न म्हणूनच न्यायालयात निकाली निघालेल्या प्रश्नाइतकाच निकडीचा आहे, आणि चाकण–खेड परिसराचे विकास आराखडे आखणाऱ्यांनी रस्ते व भूखंडांबरोबर या घाटांच्या सीमाही नकाशावर दाखवायला हव्यात.